चकमकीवरचा हुरडा

लातूरहून नांदेडकडे निघालं की अहमदपूरच्या आसपास रस्त्याच्या कडेला 'गावरान हुरडा पार्टी' अशा पाट्या दिसायला लागतात. त्या दिसल्या की थंडी खरोखर आली असं मी समजते. कॅलेंडरवर माझा तेवढा विश्वास नाही. एका पाटीवर कणसांशेजारी उंट काढलेला आहे. हुरड्याचा आणि उंटाचा संबंध काय, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. मागं एकदा ऑफिसातल्या बायकांबरोबर मी तशा एका पार्टीला गेले होते. झोके होते, गाणी होती, डोक्याला बांधायला फेटेही होते. कणसं मात्र गॅसच्या भल्यामोठ्या बर्नरवर भाजून देत होते. मी चार दाणे खाल्ले आणि घरी येऊन इतकी कुरकुर केली की नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी तू आपली माहेरीच जा. मलाही तेच हवं होतं.

माहेर मुखेडजवळच्या एका खेड्यातलं. परवा मायचा फोन आला. तिनं तब्येत विचारली नाही, पोरांचं विचारलं नाही. ज्वारी हुरड्यात आलीय, पाखरं बसून राहिलीत, एवढं सांगून तिनं फोन ठेवून दिला. माय फोनवर बोलते ती बस सुटायला आल्यासारखी. कंडक्टरची बायको आहे शेवटी.

दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. मुखेड, कंधार, उदगीर, देगलूर, सगळ्या वाटांवर त्यांची घंटी वाजलेली आहे. आणि प्रवाशाकडं सुट्टे न मागणारा असा कंडक्टर साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. कुणाकडं काही मागायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यामुळं चिल्लरची पिशवी ते घरूनच भरून न्यायचे. ती चिल्लर गोळा करायला माय आदल्या दिवशी किराणा दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत हिंडायची. म्हणजे दादांच्या वाटणीचं मागणं माय मागून आणायची. हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही आणि तिनंही ते कधी आणून दिलं नाही.

फोन ठेवून मी चहाला आधण ठेवलं. लायटरचा खटका ओढला, टक् झालं आणि गॅस पेटला. विस्तव करणं इतकं सोपं झालंय की आपण काही केलं असं वाटतच नाही. आमच्या घरी लहानपणी काडेपेटी होती, पुढं गॅसही आला, तरी वर्षातून एकदा दादा एका जुन्या चंचीची दोरी सोडायचे. तिच्यात तीन वस्तू असायच्या. एक गारेचा दगड, आमच्याच काळ्या रानात नांगराच्या फाळाला लागून वर आलेला, मधासारख्या रंगाचा, कडेला धार असलेला. एक मोडक्या कानशीचा तुकडा, दोन्ही टोकं वळवून बोटं अडकवण्याजोगा केलेला. आणि चुन्याच्या पितळी डबीत काटेसावरीचा कापूस, अर्धवट जाळून काळा केलेला. या तिन्हीला मिळून आम्ही चकमक म्हणायचो. कापसाची चिमट गारेच्या धारेला अंगठ्यानं दाबून धरायची आणि कानशीचा तुकडा वरून खाली झटक्यानं घासून न्यायचा. ठिणग्या उडायच्या. त्यातली एखादी कापसावर बसली की तिथं सुईच्या नाकाएवढा लाल ठिपका दिसायचा. तो ठिपका वाळल्या गवताच्या घरट्यात ठेवून हळूहळू फुंकायचा. जोरात फुंकलं तर विझतो, फुंकलंच नाही तरी विझतो.

हुरडा भाजायची पहिली आगटी आमच्या शेतात अशीच पेटते. त्या दिवशी रानात काडेपेटी चालत नाही. हा नेम माझ्या आज्याचा, दादांच्या वडिलांचा.

आज्याच्या काळात घरोघर काडेपेटी नसायची. चूल विझली की बाया शेजारणीकडून गोवरीवर निखारा घेऊन यायच्या. इस्तू मागणं म्हणजे मीठ मागण्याइतकी साधी गोष्ट. आमच्या वस्तीला मात्र तो साधेपणा नव्हता. वरच्या आळीत गेलं तर अंगणाबाहेर उभं राहायचं, गोवरी जमिनीवर ठेवून मागं सरायचं, मग आतून कुणीतरी चिमट्यानं निखारा वरून टाकायचं. एकदा आज्या असाच सकाळी उभा राहिला. आत हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता आणि बाहेर कुणी आलं नाही. ऊन अंगणात उतरलं तेव्हा त्यानं आपली कोरडी गोवरी उचलली आणि तो तडक शेतावर गेला. त्या दिवशी त्यानं गार शोधली. कानशीचा तुकडा त्याला कुणी दिला, तापवून कुणी वळवला, हे दादांनाही ठाऊक नाही. पुढं वस्तीनं धम्म घेतला तेव्हा आज्यानं घरातल्या कितीतरी जुन्या गोष्टी गावाबाहेर नेऊन टाकल्या. चकमक टाकली नाही. कुणाच्या दारात इस्तू मागायला जायचं न्हाई, असं म्हणून त्यानं ती दादांच्या हातात दिली.

दादांनी ते बोलणं जरा जास्तच मनावर घेतलं. इस्तवापासून सुरुवात करून त्यांनी सगळंच मागणं बंद केलं. जेवताना पानात भाजी संपली तर कोरडी भाकरी खातील, पण वाढ म्हणणार नाहीत. बाजारातून पोतं आणताना कुणी हात लावायला आलं तर त्याच्यावरच वसकतील. आम्ही भावंडं यावरून त्यांची मागं टिंगल करायचो. पुढ्यात करायची कुणाची छाती नव्हती.

ही गोष्ट काही वर्षांमागच्या एका थंडीची. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर दादांच्या अंगावरून वारं गेलं. लातूरच्या दवाखान्यातून ते चालत बाहेर आले, एवढं आमचं नशीब. उजवा पाय थोडा ओढत होता, तोंड किंचित डावीकडं सरकलं होतं आणि उजवा हात खांद्यापासून नुसता बरोबर यायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं त्यांना दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी गावी गेल्या गेल्या गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला. अंगात सदरा घालायला अर्धी सकाळ लागायची, पण माय जवळ गेली की म्हणायचे, सरक. डाव्या हातानं घास घेताना निम्मा अंगावर सांडायचा. मायनं भरवायला हात पुढं केला तेव्हा ते पानावरून उठूनच गेले.

"सुंभ जळालं तरी पीळ जाईना बग," माय मला म्हणाली. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

त्याच दिवसांत त्यांनी जाहीर केलं, औंदाची आगटी मीच पेटवणार. चकमकीवर. आणि न्हाईच पेटली तर शेत बटईनं देऊन टाका, मी पुन्हा तिकडं पाऊल टाकणार न्हाई. जेवायला बसल्या जागी, ताटाकडं बघत, ते हे बोलले. दादा असं काही बोलले की ते तसंच व्हायचं. त्यांच्या बापानं घाम गाळून राखलेलं ते रान. निवृत्तीनंतर ते दिवसाचे दिवस तिथं बांधावर बसून असायचे. ते सुटलं तर हा माणूस घरात भिंतीकडं बघत किती काळ काढील, या विचारानं मायची झोप उडाली होती. मी रजा टाकून आले आणि परत जायची वेळ आली तेव्हा ती वाढवून घेतली.

इकडं रान मात्र आमच्या काळजीकडं ढुंकूनही बघत नव्हतं. असली थंडी मी नंतर पाहिली नाही. सकाळी हरभऱ्यातून चाललं की पावलांना पानांवरची आंब लागून कातडी चुरचुरायची. जवसाला निळी फुलं आली होती, करडई नुकती बोचायला लागली होती, आणि मधोमध आमच्या गूळभेंडीच्या ज्वारीची कणसं रोज थोडी थोडी भरत होती. माय रोज एक कणीस मोडून आणायची, दाणा नखानं दाबून बघायची. पहिल्यांदा दूध निघालं. मग चीक निघाला. हुरडा म्हणजे या चिकाच्या पुढचे थोडेसे दिवस. त्यानंतर दाणा टणक होतो आणि खाणाऱ्याचं तोंड बघत थांबत नाही.

दादांचा सराव अंगणात चालायचा. दुपारच्या उन्हात पोत्यावर बसायचे, उजव्या हातात गार धरायचे आणि डाव्या हातानं कानस ओढायचे. गार निसटून मांडीवर पडायची. परत उचलायची, परत निसटायची. आम्ही कुणी तिथं थांबलेलं त्यांना खपत नसे, म्हणून मी कपडे वाळत घालायचं नाटक करायची. वाळलेले कपडे काढून पुन्हा वाळत घालायची. गंमत अशी की व्यायामवाल्या मुलीनं जे करायला सांगितलं होतं ते सगळं ते करतच होते. त्या बोटांना हळूहळू थोडी जाणही येत होती. गार पूर्वीपेक्षा जरा उशिरा निसटायची, एवढ्यावरच मी खूश होते.

माझा धाकटा भाऊ मिलिंद. मुखेडला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. दारं, खिडक्या, ग्रिल, सगळं करतो. दिवसभर त्याच्या ग्राइंडरमधून ठिणग्यांचा नुसता पाऊस पडत असतो आणि इथं बाप एका ठिणगीसाठी घामाघूम झालेला. त्याला ते बघवेना. एका सकाळी दादा आंघोळीला गेल्यावर त्यानं चंचीतला कानशीचा तुकडा हळूच उचलला आणि दुकानात नेऊन त्याला पाइपची छान मूठ वेल्डिंग करून बसवली. मुठीला रबर घातलं. कमजोर पकडीच्या माणसाला सहज धरता येईल असं ते हत्यार झालं होतं. दुपारी तो ते घेऊन आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दहावीला पास झाल्याचा आनंद होता.

दादांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि गारेवर मारलं. काहीच उडालं नाही. परत मारलं. नुसता खर्र आवाज. मग त्यांनी ते मिलिंदकडं देऊन त्याला मारायला लावलं. मिलिंदचे दोन्ही हात धडधाकट, पण ठिणगीचं नाव नाही. पोलाद वेल्डिंगच्या आचेनं इतकं तापलं होतं की त्याचं सगळं पाणी उतरून ते मऊ पडलं होतं. हीच गोष्ट मिलिंद रोज गिऱ्हाइकांना सांगतो, कोयत्याच्या पात्याला वेल्डिंग करून मागू नका म्हणून हात जोडतो. बापाच्या वेळी मायेच्या भरात त्याला ती आठवली नाही. करायला गेला गणपती अन् झाला मारुती.

त्याला वाटलं, आता दादा फाडून खातील. दादा मात्र पोत्यावरून उठले, आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. हे रागावण्यापेक्षा वाईट होतं. मिलिंद ओसरीवर बसून राहिला आणि मायनं त्याला चहा दिला तो गार होऊन गेला. माय हातात कणीस घेऊन आली होती. दाणा आता नखाला विरोध करायला लागला होता.

संध्याकाळच्या आत मिलिंद दुकानात परत गेला. मुठीचं रबर काढून त्यानं तो तुकडा भट्टीत घालून लालभडक केला आणि पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला, वाफ उठली. मग गारेचा एक खडा घेऊन त्यानं मारून पाहिलं. तो सांगतो, पहिली ठिणगी उडाली तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्याला मिठी मारावी असं वाटलं होतं. मुठीला रबर परत चढवून त्यानं हत्यार घरी आणलं आणि चंचीवर ठेवलं. दादांनी सकाळी ते पाहिलं, अंगठ्यानं चाचपलं आणि मायला म्हणाले, आज रानात जाऊ.

दव वाळल्यावर आम्ही चौघं शेतात गेलो. मिलिंदनं आगटीचा खड्डा मोकळा केला, तळाला गोवऱ्या लावल्या, वर तुराट्या रचल्या. मायनं गवताचं घरटं केलं, त्यात वाळक्या गोवरीचा भुगा पेरला आणि ती कणसं मोडायला ज्वारीत शिरली. दादा पोत्यावर बसले. डाव्या हातात मूठ, उजव्या हातात गार.

मूठ चांगली बसली होती. डावा हात जोर धरून चालत होता. ठिणग्याही उडत होत्या, अगदी पूर्वीसारख्या. पण प्रत्येक फटक्याला उजव्या हातातली गार हलायची, कापसाची चिमट बाजूला व्हायची आणि ठिणग्या हवेतच विरायच्या. कधी गारच निसटायची. मी उचलायला वाकले तर त्यांनी हातानं नको म्हटलं आणि स्वतः चाचपत उचलली. मिलिंदच्या खिशात काडेपेटी होती, मला माहीत होतं. तो खिशावर हात ठेवून दुसरीकडं बघत होता. ऊन वर आलं. कानशिलावरून घाम गळायला लागला. ज्वारीतून माय ओटीत कणसं घेऊन बाहेर आली आणि थोडं लांबच उभी राहिली. आता ते हत्यार खाली ठेवणार आणि घराकडं निघणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं. मी मनातल्या मनात शेत बटईला देऊनसुद्धा टाकलं होतं.

दादांनी हत्यार खाली ठेवलंच. दम खाल्ला. आपल्या उजव्या हाताकडं बराच वेळ बघितलं. मग मान वर न करता म्हणाले, "जरा धरतीस का?"

"काय धरू?" मायनं विचारलं.

"गार. माज्या हाताला धरवंना."

मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. माय मात्र जणू रोजचंच काम असल्यासारखी आली, कणसं खाली ठेवली, लुगड्याचा ओचा सावरून त्यांच्या समोर बसली. तिनं गार उचलली, डबीतून कापूस घेतला आणि धारेला अंगठ्यानं नेमका दाबला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं लांब उभं राहून तिनं फक्त बघितलं होतं.

पहिला फटका तिच्या बोटाच्या पेरावर बसला. कातडी सोलून रक्ताची बारीक रेघ आली. दादांचा हात थांबला.

"लागलं तुला."

"लागू द्या. मारा तुमी. तुमच्या बोलन्यापरीस कमीच लागून राहिलं."

दादांच्या तोंडून हुं असा आवाज निघाला. तो हसण्याचा होता. मग त्यांनी पुन्हा मूठ धरली आणि मायनं हात दगडासारखा स्थिर ठेवला. पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. आणि मायच्या अंगठ्याशेजारी काळ्या कापसावर तो लाल ठिपका उमटला. दोघांनाही तो एकदमच दिसला. मायनं कापूस घरट्यात ठेवला, गवत वरून मिटलं आणि दादांच्या तोंडापुढं धरलं.

त्यांनी फुंकर घातली. सरकलेल्या ओठांतून वारा डावीकडंच निघून गेला, गवताचं पातंही हललं नाही. मायनं घरटं तेवढंच डावीकडं नेलं, वारा जिथं येत होता तिथं. दादा फुंकत राहिले, ती धरून राहिली. पांढऱ्या धुराची बारीक दोरी वर निघाली, मग दाट झाली, आणि आत भक्कन जाळ झाला. मायनं तो जाळ तुराट्यांखाली सरकवला. तुराट्या तडतडायला लागल्या. मिलिंद कुणी न सांगता गोवऱ्या आणायला पळाला आणि पलीकडं जाऊन बराच वेळ त्याला गोवऱ्याच सापडेनात.

जाळ बसला, निखारे झाले, त्यांच्या राखेत मायनं कणसं खोवली. भाजल्या चिकाचा तो गोड, किंचित करपलेला वास सुटला. तसला वास लातूरच्या रस्त्यावरच्या कुठल्याच पाटीखाली येत नाही. दादा धुराकडं बघत मिलिंदला म्हणाले, पुढल्या साली त्या खालच्या तुकड्यातबी गूळभेंडीच पेर. बटईचं नाव कुणीच काढलं नाही.

पहिलं कणीस निघालं. हुरडा दोन्ही तळहातांत गरम गरम चोळावा लागतो, एका हाताचं ते काम नाही. दादांनी कणीस घेतलं, गुडघ्यावर धरून डाव्या तळव्यानं रगडून पाहिलं, ते घरंगळून राखेत पडलं. मी मनात म्हटलं, झालं, आता उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी डावा हात मायपुढं केला, तळवा वर करून. माझ्या बापाला मी तसा हात पसरलेला कधी पाहिला नव्हता. मायनं कणीस उचललं, चोळलं, फुंकून भूस उडवलं आणि हिरवे, वाफाळते दाणे त्यांच्या तळव्यावर ओतले. त्यांनी ते सगळे एकदम तोंडात टाकले. काही सांडले, तिकडं कुणी बघितलं नाही.

"चटनी कुटं हाय?" त्यांनी विचारलं. मग गूळ मागितला. मग पाणी मागितलं. मग म्हणाले, दही आणलं असशील तर दे. माझ्या पोटात इतकं सुख मावेना की मी एक कणीस तसंच हातात धरून बसले आणि ते गार होऊन गेलं.

"आता ह्ये दिसभर मागतच ऱ्हानार," माय माझ्याकडं बघून म्हणाली, आणि सोललेलं बोट पदराला पुसून तिनं त्यांच्यासाठी पुढचं कणीस राखेतून ओढलं.